मत्स्यनाम, आडनाव आणि नौकानाम : ‘वागळी’ या शब्दाच्या निमित्ताने नामार्थाची चिकित्सा

प्रस्तावना

नामाला अर्थ असतो की नाही, हा भाषाविचारातील जुना प्रश्न आहे. सामान्यनाम वर्गाचा निर्देश करते, तर विशेषनाम केवळ एका व्यक्तीचा किंवा वस्तूचा, असे व्याकरण सांगते. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ही सीमारेषा सतत ओलांडली जाते. माशाचे नाव हे सामान्यनाम आहे; तेच आडनाव झाले की एका कुळाची खूण बनते; आणि तेच एखाद्या युद्धनौकेवर कोरले गेले की राज्यसंस्थेच्या सामर्थ्याचे चिन्ह ठरते. शब्दाचा सांगाडा तोच राहतो, परंतु त्याचा उच्चार, त्याचे लेखन आणि त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या तिन्ही गोष्टी बदलतात.

प्रस्तुत लेखात ‘वागळी’ हे मत्स्यनाम, ‘वागळे’ हे आडनाव आणि ‘वागली’ हे भारतीय नौदलाच्या पाणबुडीचे नाव, या त्रयीच्या आधारे या स्थित्यंतराची चिकित्सा केली आहे. तिच्यासाठी वसई परिसराची पार्श्वभूमी घेतली आहे, कारण नावांची अशी स्थित्यंतरे या भूमीने अनेक शतके अनुभवली आहेत. तसेच पाणबुड्यांच्या नावांसाठी वेळोवेळी देण्यात आलेली अधिकृत स्पष्टीकरणे ही एक संहिता मानून वाचली आहेत. नावाचा अधिकृत अर्थ हा बहुधा नावाच्या इतिहासातून येत नाही, तो नव्या वापराच्या गरजेतून घडविला जातो. आणि या घडणीत मूळ शब्द जपणाऱ्या समाजाची साक्ष गळून पडते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

वसईचा संदर्भ

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांच्या ताब्यात आली. दोन शतकांच्या या काळात येथील ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. परेरा, मच्याडो, कोएल्हो, कार्व्हालो ही नावे आज मराठी, सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलणाऱ्या घरांची आहेत. पोर्तुगीज भाषेत परेरा म्हणजे नासपतीचे झाड, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, कोएल्हो म्हणजे ससा आणि कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष. वसईतील ही आडनावे धारण करणाऱ्यांचा या झाडांशी वा प्राण्यांशी काहीही संबंध नाही. आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाले, तेव्हाच त्यातील कोशगत अर्थ मागे राहिला आणि फक्त ओळख पुढे आली.

या ठिकाणी एक योगायोग उद्बोधक आहे. मराठीतील ‘ओक’ हे आडनाव आणि इंग्रजीतील ‘ओक’ हे वृक्षनाम उच्चाराने सारखे आहेत. आणि ‘कार्व्हालो’चा अर्थही ओक वृक्षच. केवळ ध्वनी आणि अर्थ यांचे साम्य पाहून कोणी या दोन आडनावांचे नाते जोडले, तर ते हास्यास्पद ठरेल. परंतु हीच पद्धत मत्स्यनामे व आडनावे यांच्या बाबतीत वापरली गेली की ती अनेकांना पटते. साम्य हा संशोधनाचा आरंभ असू शकतो, निष्कर्ष नव्हे, ही सावधगिरी वसईची आडनावे शिकवितात.

खुद्द ‘वसई’ या नावाचाही असाच प्रवास झाला आहे. पोर्तुगिजांनी त्याचे ‘बासाईं’ केले, इंग्रजांनी ‘बॅसीन’. ब्रह्मदेशातील पाथेन या शहरालाही इंग्रज ‘बॅसीन’च म्हणत, म्हणजे त्या नावावरून गाव कोणते, हे सांगता येत नसे. स्वातंत्र्यानंतर ब्रिटनकडून घेतलेल्या एका लहान सुरुंगशोधक नौकेला भारतीय नौदलाने ‘बॅसीन’ हे नाव दिले. अरबी समुद्रातील वायुक्षेत्रही याच नावाने ओळखले जाते. गावाने आपले नाव ‘वसई’ असे जपले, पण समुद्रावर ते इंग्रजी रूपातच गेले. पुढील विवेचनात ‘वागळी’ या शब्दाचेही नेमके हेच झालेले दिसेल.

मत्स्यनाम : वागळी

पाकटवर्गातील मासे हे शार्कचे, म्हणजे मुशीचे, नातलग. त्यांच्या शरीरात काट्यांऐवजी कूर्चा असते. अंग चपटे, दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरलेले. शेपूट चाबकासारखी लांब, आणि पुष्कळ जातींत तिच्यावर विषारी काटा. उत्तर कोकणात ‘पाकट’ हा शब्द प्रचलित आहे. दक्षिण कोकणात व गोव्यात ‘वागळी’, ‘वाघळी’, ‘वागोळें’ अशी रूपे ऐकू येतात. या एका नावाखाली अनेक जाती येतात. बोलीतील मत्स्यनाम हे प्राणिशास्त्रातील द्विनामाप्रमाणे एकाच जातीला बांधलेले नसते. आकार, रंग, हंगाम, चव, बाजारातील किंमत आणि हाताळतानाचा धोका यांवरून ते ठरते.

या शब्दाची व्युत्पत्ती सांगण्याचा मोह सहज होतो. पसरलेल्या पंखांचा हा मासा पाहून वाघूळ, म्हणजे वटवाघूळ, आठवावे हे स्वाभाविक आहे. ‘वाघळी’ या रूपामुळे वाघाचीही आठवण होते. पहिले साम्य आकाराचे, दुसरे ध्वनीचे. दोहोंपैकी कोणतेही साम्य एकट्याने पुरावा ठरत नाही. तथापि एक गोष्ट निश्चित सांगता येते : या शब्दात ‘ळ’ आहे आणि तो शब्दाचा प्राण आहे. किनाऱ्यावर हा शब्द लिहिण्यापूर्वी शतकानुशतके बोलला गेला.

आडनाव : वागळे

मराठीत प्राण्यांवरून आलेली किंवा तशी भासणारी आडनावे विपुल आहेत. मोरे, कोल्हे, लांडगे, कावळे, घोरपडे ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. माशांच्या बाबतीत मात्र उदाहरणे थोडी. मरळ हा गोड्या पाण्यातील मासा आहे आणि कानद खोऱ्यातील देशमुखांचे आडनावही मरळ आहे. मगर हे मराठी आडनाव आहे आणि नौदलाच्या सैन्यवाहू नौकेचे नावही ‘मगर’ होते. १९८७ मध्ये ताफ्यात आलेली ही नौका २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण मगर हा जलचर असला तरी मासा नव्हे. मत्स्यनाम, आडनाव आणि नौकानाम हे तिन्ही एकत्र येण्याचे जवळचे उदाहरण म्हणून ‘वागळी’ महत्त्वाचा ठरतो.

वागळे हे आडनाव कोकण, गोवा आणि कारवार या पट्ट्यातील सारस्वत कुटुंबांत आढळते. हा पट्टा आणि ‘वागळी’ हे मत्स्यनाम प्रचलित असलेला पट्टा बराचसा एकच आहे. त्यामुळे आडनाव माशावरून आले, असे म्हणणे आकर्षक वाटते. परंतु मराठी आडनावे गावावरून, धंद्यावरून, टोपणनावावरून आणि कधी एखाद्या प्रसंगावरूनही पडतात. आणि प्रसंगाची कथा पुष्कळदा नावानंतर रचली जाते. घोरपडीच्या साहाय्याने गड चढल्याची घोरपडे घराण्याची कथा प्रसिद्ध आहे. अशा कथा नावाचा उगम सांगोत वा न सांगोत, त्या नावाविषयी समाजाला काय ऐकायला आवडते हे मात्र सांगतात. म्हणून ‘वागळे’ आणि ‘वागळी’ यांच्यात ध्वनिसाम्य व प्रदेशसाम्य आहे, एवढेच विधान सुरक्षित आहे.

पोर्तुगीज जगात या प्रकारचे नाते अधिक उघड आहे. ‘सार्दिन्य’ हे आडनाव म्हणजे शब्दशः सार्डीन मासा, आपली तारली. गोव्याचे १९९९–२००० या काळातील मुख्यमंत्री फ्रान्सिस सार्दिन यांचे आडनाव हेच. परंतु गोव्यातील मतदाराला ते ऐकून मासा आठवत नाही. आडनाव रुळले की त्यातील मासा अदृश्य होतो.

वागळे या आडनावाचा पुढील प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. ठाण्यातील ‘वागळे इस्टेट’मुळे ते स्थलनाम झाले. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखेवर आधारित मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा हिंदी नामफलकावर ते ‘वागले’ असे अवतरले. हिंदीच्या रूढ लेखनात ‘ळ’ला स्थान नसल्याने तो गेला, आणि कोट्यवधी प्रेक्षकांच्या कानी ‘वागले’ हेच नाव रुजले. मराठी कुटुंबाचे आडनाव राष्ट्रीय माध्यमात जाताच त्याचा विशिष्ट ध्वनी गळाला, ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण पाणबुडीच्या नावाचेही हेच झाले आहे.

नौकानाम : वागली

भारतीय नौदलाने सोव्हिएत रशियाकडून १९६७ ते १९७४ या काळात आठ पाणबुड्या घेतल्या : कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा, वेला, वागीर, वागली आणि वागशीर. यांपैकी ‘वागली’ १९७४ मध्ये ताफ्यात आली आणि २०१० मध्ये निवृत्त झाली. रोमन लिपीत तिच्या नावात ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद दाखविता येत नाही. त्यामुळे इंग्रजीतून ते नाव मराठी वृत्तपत्रांत परतले, तेव्हा ‘वागली’ झाले. मराठीत ‘वागली’ हे ‘वागणे’ या क्रियापदाचे भूतकाळी स्त्रीलिंगी रूप आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्या वाचकाला ओळखीचे वाटावे असे नाव त्याच्याच भाषेत परके, किंबहुना विनोदी होऊन परतले.

पुढे माझगाव डॉकमध्ये फ्रेंच तंत्रज्ञानाच्या साहाय्याने बांधलेल्या सहा पाणबुड्यांना जुन्याच ताफ्यातील नावे देण्यात आली : कलवरी (२०१७), खांदेरी (२०१९), करंज (२०२१), वेला (२०२१), वागीर (२०२३) आणि वागशीर (२०२५). आठांपैकी कुरसुरा आणि वागली ही दोन नावे पुन्हा आली नाहीत. कुरसुरा विशाखापट्टणमला संग्रहालयाच्या रूपाने टिकून आहे. ‘वागली’ हे नाव मात्र चालू ताफ्यातून नाहीसे झाले आहे.

अधिकृत स्पष्टीकरणांचे वाचन

नव्या पाणबुड्यांच्या जलावतरणाच्या व दाखल होण्याच्या प्रसंगी त्यांच्या नावांचे अर्थ प्रसिद्धिपत्रकांतून आणि भाषणांतून सांगण्यात आले. ही स्पष्टीकरणे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर काही विसंगती स्पष्ट होतात.

पहिली विसंगती ‘वागीर’ आणि ‘वागशीर’ यांची. २०२० मध्ये वागीरचे आणि २०२२ मध्ये वागशीरचे जलावतरण झाले, तेव्हा दोन्ही नावांचा अर्थ एकच दिला गेला : हिंदी महासागराच्या खोल पाण्यातील घातक शिकारी असा वाळूतील मासा. २०२३ मध्ये वागीर ताफ्यात आली, तेव्हा तिचा अर्थ वाळूतील शार्क असा सांगितला गेला. दोन भिन्न शब्द, एक अर्थ. आणि एका शब्दाचे तीन वर्षांत दोन अर्थ. बोलीत दोन वेगळी नावे असतात तेव्हा त्यांच्यात काहीतरी भेद अभिप्रेत असतो. तो भेद कोणता, हे या स्पष्टीकरणांतून कळत नाही.

दुसरी बाब लेखनाची. २०२२ मध्ये ‘वागशीर’ असे ज्याचे रोमन लेखन होते, त्यात २०२५ मध्ये ‘ग’च्या जागी ‘घ’ आला. ‘वाघशीर’ हे रूप मराठी वाचकाच्या कानाला अर्थपूर्ण वाटते, कारण त्यात वाघ ऐकू येतो. अर्धशतक वापरात असलेल्या नावाचे अक्षर बदलते आणि त्याची चर्चाही होत नाही, यावरून मूळ उच्चाराची नोंद किती सैल आहे हे दिसते.

तिसरे उदाहरण ‘खांदेरी’चे. थळच्या किनाऱ्यासमोरील या बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला उभारण्यास घेतला आणि इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधाला तोंड देत तो राखला. पाणबुडीचे नाव या जलदुर्गावरून असल्याचे २०१७ मध्ये सांगण्यात आले. २०१९ मध्ये मात्र ते तलवारीसारखे दात असलेल्या एका माशावरून प्रेरित असल्याचे सांगितले गेले. दुर्ग आणि मासा हे दोन्ही अर्थ एकाच वेळी असू शकतात. बेटाचे नाव माशावरून पडले असण्याची कल्पनाही करता येते. पण या दोन विधानांना जोडणारा दुवा कोठेही दिलेला नाही.

चौथे उदाहरण ‘करंज’चे. उरणजवळचे करंजा हे गाव कोळीवस्तीसाठी व बंदरासाठी प्रसिद्ध आहे. नव्या पाणबुडीच्या वेळी मात्र या नावाच्या रोमन आद्याक्षरांतून शिकारी वृत्ती, आत्मनिर्भरता, सज्जता, आक्रमकता, चापल्य आणि जोश असे गुण काढण्यात आले. येथे शब्द अक्षरांत फोडला जातो आणि गाव पूर्णपणे पुसले जाते.

शेवटी ‘वेला’. तिचे नाव पाकटवर्गातील माशावरून असल्याचे सांगितले जाते. म्हणजे मराठी-कोकणी किनाऱ्यावर ज्या माशाला ‘वागळी’ म्हणतात, त्याच वर्गाचा निर्देश ताफ्यात ‘वेला’ या नावाने टिकला आणि ‘वागली’ हे नाव मात्र निवृत्त झाले.

या सर्व स्पष्टीकरणांत एक समान सूत्र आहे. मासा कोणताही असो, तो ‘घातक शिकारी’ असतो. पाणबुडीने शिकारी व्हावे, ही युद्धशास्त्राची गरज आहे, आणि तिच्याविषयी आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु ही गरज शब्दाच्या अर्थावर लादली जाते, तेव्हा अर्थ सांगितला जात नाही, तो नेमून दिला जातो. पाकट हा बहुतांशी वाळूत अंग झाकून राहणारा, शेपटीचा काटा स्वसंरक्षणासाठी वापरणारा मासा आहे. लपणे आणि डिवचल्यावरच वार करणे हे त्याचे गुणधर्म पाणबुडीला अधिक शोभणारे होते. पण कोळ्याला ठाऊक असलेला हा मासा स्पष्टीकरणांत आलाच नाही.

येथे वसईच्या किनाऱ्याशी तुलना उपयुक्त ठरेल. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा येथील होड्यांवर सामान्यतः संतांची, देवदेवतांची किंवा घरातील व्यक्तींची नावे आढळतात. जो मासा जाळ्यात यावा त्याचे नाव होडीला सहसा दिले जात नाही. मच्छीमाराचे नौकानाम हे रक्षणाची प्रार्थना असते. नौदलाचे नौकानाम हा सामर्थ्याचा उच्चार असतो. दोघेही एकाच समुद्रावर जातात, पण नावाकडून त्यांची अपेक्षा वेगळी आहे.

हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. पोर्तुगालची १९१३ मधील पहिली पाणबुडी ‘एस्पादार्ते’, म्हणजे तलवार मासा, या नावाची होती. अमेरिकी नौदलानेही अनेक दशके पाणबुड्यांना माशांची नावे दिली. त्यांपैकी पाइक, बास आणि सॅल्मन ही इंग्रजी आडनावेही आहेत. १९७०च्या दशकात तेथे शहरांची नावे देण्यास आरंभ झाला. मासे मतदान करीत नाहीत, असे त्याचे कारण ॲडमिरल रिकोव्हर यांच्या नावावर सांगितले जाते. हे विधान विनोदाने केलेले असले तरी नौकानाम हा अर्थापेक्षा अधिकाराचा विषय आहे, हे त्यातून नेमके व्यक्त होते.

मासा हरविल्यानंतरचा शब्द

या चर्चेला आज एक तातडीचे परिमाण आहे. मुशी, पाकट आणि करवती मासा हा गट सावकाश वाढणारा व मोजकी पिले देणारा असल्यामुळे अतिमासेमारीपुढे लवकर खचतो. २००१ मध्ये करवती मासे व काही शार्क-पाकट जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्या, आणि २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षणाची व्याप्ती आणखी वाढली. हे संरक्षण आवश्यकच आहे. परंतु त्याचा भाषिक परिणामही लक्षात घ्यावा लागतो. जो मासा जाळ्यात येत नाही, बाजारात विकला जात नाही आणि चुलीवर शिजत नाही, त्याचे नाव पुढील पिढीच्या तोंडी येत नाही. काही काळाने ते नाव केवळ आडनावात आणि नौकेवर उरते. आणि त्याचा अर्थ विचारायचा झाल्यास प्रसिद्धिपत्रकाखेरीज दुसरा आधार राहत नाही.

पालघर जिल्ह्याने याच्या उलट दिशेचाही एक अनुभव घेतला आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले. सातपाटीसारख्या बंदरांची ओळख या माशाशी जोडलेली आहे, आणि लहान पापलेटची मासेमारी थांबावी ही येथील मच्छीमारांची चिंता राहिली आहे. येथे राज्यसंस्थेने निवडलेले नाव आणि किनाऱ्यावरील व्यवहार यांचा संबंध जिवंत आहे. नावाचा सन्मान आणि माशाचे रक्षण या गोष्टी एकत्र येऊ शकतात, हे या उदाहरणावरून दिसते. पाणबुड्यांच्या नावांबाबत हा दुवा तुटलेला आहे.

समारोप

‘वागळी’, ‘वागळे’ आणि ‘वागली’ या तीन रूपांत एकाच ध्वनिसमूहाच्या तीन अवस्था दिसतात. पहिल्या अवस्थेत शब्द वस्तूला बांधलेला आहे. दुसऱ्या अवस्थेत तो कुळाला बांधला जातो आणि वस्तू अदृश्य होते. तिसऱ्या अवस्थेत तो राज्यसंस्थेच्या हाती येतो, त्याचा ‘ळ’ जातो आणि त्याला नवा अर्थ नेमून देण्याची वाट मोकळी होते. यांतील पहिल्या रूपातून पुढील दोन्ही रूपे निर्माण झाली, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. तसे म्हणण्याची गरजही नाही. या तिन्ही अवस्थांत साक्षीदार कसे बदलत गेले, हे पाहणे अधिक फलदायी आहे. पहिल्या अवस्थेचा साक्षीदार कोळी आहे, दुसऱ्याचा कुटुंब, आणि तिसऱ्याचा केवळ कागद.

म्हणून दोन अपेक्षा व्यक्त कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, किनाऱ्यावरील शब्द नौकेला दिला जाताना त्याची भाषा, त्याचा देवनागरी उच्चार, तो बोलणारा समाज आणि त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती यांची नोंद नावासोबत व्हावी. सैनिकी गुप्ततेचा यात प्रश्न नाही. दुसरी अपेक्षा किनाऱ्यावरील महाविद्यालयांकडून आहे. वसई-विरार परिसरात कोळी, वाडवळी, सामवेदी आणि वारली या बोली एकाच तालुक्यात नांदतात, आणि एकाच माशाला घरागणिक वेगळे नाव मिळू शकते. ही नावे मासा समोर ठेवून, बोलणाऱ्याच्या उच्चारासह टिपणे हे काम मराठी आणि प्राणिशास्त्र या दोन विभागांनी मिळून करण्याजोगे आहे. ती नोंद नसेल, तर पुढील पाणबुडीच्या नावाचा अर्थ पुन्हा ‘घातक शिकारी’ असाच येईल, आणि तो चूक आहे की बरोबर हे सांगू शकणारे कोणी उरणार नाही.